वेगळ्या दिवसाचे वादन

नेहमीच्या रविवारी ऑर्गनवर काय वाजवायचे, हे बहुतेक वेळा उपासनेच्या वर्षाने आधीच ठरवून ठेवलेले असते. आगमनकाल, नाताळ, उपवासकाल, झावळ्यांचा रविवार, उत्तम शुक्रवार, पुनरुत्थानाचा सण, पेंटेकॉस्ट असा क्रम फिरत राहतो. त्या त्या काळाची गीते ‘उपासना संगीत’ या आमच्या मराठी गीतपुस्तकात असतात, आणि त्यांतल्या पाश्चात्त्य चालींपैकी कितीतरी चालींवर युरोपातल्या वादकांनी तीन-चारशे वर्षे रचना करून ठेवल्या आहेत. पाळकसाहेबांकडून वचनपाठ आणि गीतांचे क्रमांक वेळेवर मिळाले, की वादकाचे निम्मे काम होते. कसोटी लागते ती या क्रमात न बसणाऱ्या दिवशी. दुष्काळाच्या वर्षी कापणीचा सण येतो, साठी ओलांडलेली दोन माणसे लग्न करतात, ज्यांच्यापैकी निम्मे कधी चर्चमध्ये आलेलेच नाहीत असे लोक एखाद्या अंत्यविधीला बाक भरून बसतात, आणि तेव्हा तयार यादी उपयोगाला येत नाही.

अशा वेळी ‘या प्रसंगाला काय शोभेल’ हा प्रश्न मी मागे ठेवतो. शोभेचा विचार आधी केला, की हात आपसूक गाजलेल्या आणि दणदणीत रचनांकडे जातो. त्याऐवजी मी असा विचार करतो, की मी वाजवत असेन तेव्हा समोरची माणसे काय करत असतील. वाट पाहत असतील, चालत असतील, रडत असतील, की शेजारच्याकडे बघायलाही संकोचत असतील? त्यानंतर येतो चालीबरोबर येणाऱ्या शब्दांचा प्रश्न. ऑर्गनला शब्द नसतात हे खरे, पण ज्याला गीत पाठ आहे त्याला केवळ चाल ऐकूनही शब्द आठवतातच, आणि चुकीच्या प्रसंगी आलेली चाल चुकीचे शब्द घेऊन येते. या दोन प्रश्नांची उत्तरे नीट मिळाली, तर रचना पुष्कळदा आपोआप सापडते, आणि ती बहुधा आधी वाटली होती तिच्यापेक्षा लहान आणि हळू आवाजाची निघते.

अंत्यविधीपासून सुरुवात करतो, कारण तो वारंवार येतो आणि तरीही दर वेळी वेगळा असतो. आमच्याकडे गेलेली व्यक्ती एखाद्या शाळेतल्या निवृत्त बाई असतात, नाहीतर सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर. मग विद्यार्थी येतात, गल्लीतले शेजारी येतात, खात्यातले सहकारी येतात. चपला कुठे काढायच्या, कधी उभे राहायचे, हातात दिलेल्या कागदावरचे गीत आपण म्हणायचे की नाही, हे त्यांना ठाऊक नसते. शवपेटी येईपर्यंतचा वेळ फार अवघड असतो आणि तो सगळा ऑर्गनच्या हवाली असतो. संगीतकार बाखच्या काळी, म्हणजे अठराव्या शतकात, जर्मनीतल्या मंडळीसमोर एखाद्या गीताची चाल वाजली, की सगळ्यांच्या मनात तिचे शब्द उमटत. इथे समोरच्या निम्म्या लोकांना चाल ठाऊक नसते आणि शब्दही ठाऊक नसतात. म्हणून शब्दांच्या आधाराशिवाय उभी राहणारी रचना निवडावी लागते.

योहान सेबास्टियन बाख १७०८ ते १७१७ या काळात वायमारच्या दरबारी होता. तिथे त्याने गीतांच्या चालींवरील छोट्या रचनांची एक वही लिहायला घेतली. तिला आपण ‘ऑर्गेलब्युखलाइन’ म्हणून ओळखतो. वर्षभराच्या उपासनेसाठी आणि मरण, संकट, पश्चात्ताप अशा प्रसंगांसाठी मिळून १६४ गीते त्याने योजली होती. प्रत्यक्षात ४६ रचना झाल्या आणि बाकीची पाने कोरी राहिली. या ४६ मध्ये ‘सर्व माणसांना मरणे आहे’ अशा अर्थाच्या गीतावरची एक रचना आहे, बाखच्या सूचीत तिचा क्रमांक ६४३. नाव ऐकून जे मनात येते त्याच्या अगदी उलट तिचा स्वभाव आहे. पांढरी पाच षड्ज धरला तर आपल्या बिलावलासारखे शुद्ध स्वर, वरच्या सुरावटीखाली दोन मधले आवाज जोडीने, तिसऱ्या-सहाव्या स्वराच्या अंतराने, हात धरून चालल्यासारखे, आणि पायांनी वाजणाऱ्या खर्जातही तीच दोन ऱ्हस्व, एक दीर्घ अशी लय. ते गीत मरणानंतरच्या प्रकाशाविषयी बोलते, आणि बाखने मरणाऐवजी तो प्रकाशच रचनेत घेतला आहे. आठ फुटी, म्हणजे पट्टीच्याच सप्तकातले, दोन मऊ फ्लूटचे आवाज आणि पेडलला हलका सोळा फुटी, म्हणजे एक सप्तक खालचा आवाज, इतकेच मी ठेवतो. मी ती संथच वाजवतो, तरी दोन-अडीच मिनिटांत संपते. ती वाजत असताना बाकांवरची कुजबुज थांबते, हे मी अनेकदा पाहिले आहे. अनोळखी जागी अवघडून बसलेल्या माणसाला ‘इथे रडले तरी चालेल आणि नाही रडले तरी चालेल’ असे ही रचना सांगते, असे मला वाटते.

शवपेटी बाहेर जाताना मात्र बाखऐवजी एकोणिसाव्या शतकातला जर्मन संगीतकार ब्राह्म्स आठवतो. त्याची जिवलग मैत्रीण, पियानोवादक क्लारा शुमान २० मे १८९६ रोजी गेली, आणि त्या उन्हाळ्यात ब्राह्म्सने इश्ल या गावी ऑर्गनसाठी गीतांच्या चालींवरच्या अकरा रचना लिहिल्या. पुढच्या एप्रिलमध्ये तोही गेला आणि त्या रचना १९०२ मध्ये छापल्या गेल्या. शेवटची, अकरावी, ‘हे जगा, तुला सोडून मला गेले पाहिजे’ या जुन्या गीतावर आहे. तिच्यात प्रत्येक ओळ संपली की तिचा शेवट पुन्हा एकदा हळू येतो, आणि मग आणखी एकदा, त्याहूनही हळू. दोन कीबोर्ड असतील तर पहिल्या प्रतिध्वनीसाठी हात वरच्या कीबोर्डवर न्यायचे आणि दुसऱ्यासाठी स्वेलचे, म्हणजे आवाज लहान-मोठा करणाऱ्या पेटीचे, झाकण पायाने अलगद मिटायचे. उचलणाऱ्यांची पावले दरवाज्यापाशी थबकतात, पायऱ्या उतरायच्या असतात, कुणीतरी ‘सावकाश’ म्हणते. तेवढा वेळ ही रचना थांबत-थांबत सोबत करू शकते. सरळ चालीचे शोकगीत तिथे पुढे निघून जाते.

इथे महाराष्ट्राचा एक खास धागा आहे आणि तो मला मोलाचा वाटतो. अंत्यविधीला आलेल्या वयस्क शेजाऱ्यांना चर्चमधला पायांनी भाता मारायचा जुना ऑर्गन परका वाटत नाही, कारण संगीत नाटकाच्या साथीला त्यांनी तोच आवाज ऐकलेला असतो. बालगंधर्वांच्या गायनाला कादरबक्षांची सारंगी, थिरकवाँखाँसाहेबांचा तबला आणि हरिभाऊ देशपांडे यांचा ऑर्गन, ही साथ मराठी माणसाच्या कानात कायमची बसली आहे. मिशनऱ्यांबरोबर आलेला ऑर्गन आणि रंगभूमीवर रमलेला ऑर्गन एकाच जातीचे. म्हणून गेलेल्या माणसाच्या आवडीचे एखादे रेव्हरंड ना. वा. टिळकांचे पद असेल, तर ते मी आवर्जून घेतो. टिळकांनी अभंग आणि भजनाची वाट मंडळीत रुंद केली, आणि ती चाल ऐकताच अनोळखी पाहुण्याच्याही चेहऱ्यावर ओळख दिसते.

पण मराठी चाल ऑर्गनवर कशी घ्यायची, याचा विचार फार कमी होतो. पाश्चात्त्य गीतासारखे दर स्वराखाली चार आवाजांचे मेळ बांधले, की भजनाची चाल गुदमरते. कोमल गांधार एका मेळात दुःखी वाटतो, दुसऱ्या मेळात नुसताच जड, आणि चालीचा मूळ भाव कुठल्या कुठे जातो. त्यातून ऑर्गनवर मींड नाही, आंदोलन नाही, श्रुती समान विभागलेल्या. तेव्हा तोडी-मारव्याच्या वाटेला जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. भूप, देस, पिलू, भैरवीच्या अंगाच्या सरळ चाली मात्र ऑर्गनवर फार सुंदर उतरतात, फक्त वादकाने थोडक्यात भागवायला शिकले पाहिजे. पेडलवर षड्ज धरून ठेवायचा, डाव्या हाताने षड्ज-पंचम इतके मंद की ऐकू येण्यापेक्षा जाणवावेत, आणि उजव्या हाताने एकाच स्टॉपवर, म्हणजे एकाच जातीच्या आवाजात, सुरावट, कणस्वर घेत, ओळीच्या शेवटी श्वासाची जागा सोडत. ऑर्गनला श्वास लागत नाही, म्हणून ती जागा वादकाने मुद्दाम द्यावी लागते, नाहीतर गाणारी माणसे मागे पडतात.

कापणीच्या सणाचे मी वर म्हटले. ज्यांनी आमच्याकडचा हा सण पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्या रविवारी घराघरांतून ज्वारी-बाजरीची कणसे, कांदे, भोपळे, अंडी, पाय बांधलेली कोंबडी असे काय काय वेदीपुढे येते, उपकारस्तुती होते, आणि उपासना संपली की अंगणात त्या सगळ्याचा लिलाव होतो. चांगल्या वर्षी इथे वादकाला काही सुचवावे लागत नाही. पावसाने दगा दिलेल्या वर्षी मात्र टोपल्यांत किराणा दुकानातून आणलेल्या साखरेच्या आणि चहाच्या पुड्या दिसतात, आणि आणणारे त्या वेदीपुढे ठेवताना खाली पाहतात. अशा वर्षी नांगरणी-पेरणीचे आनंदगीत पूर्ण ऑर्गन उघडून वाजवणे मला क्रूरपणाचे वाटते. त्याचप्रमाणे शोकगीतही चुकीचेच, कारण माणसे आभार मानायलाच आलेली असतात आणि त्यांचा तो हक्क वादकाने हिरावून घेऊ नये.

त्या दिवशीच्या वचनपाठात हबक्कूकचा तिसरा अध्याय असला तर फार बरे. अंजिराला फुले नाहीत, शेतांत अन्न नाही, गोठ्यात गुरे नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन, असे तो संदेष्टा म्हणतो. याला जुळणारी रचना ‘ऑर्गेलब्युखलाइन’मध्येच आहे, क्रमांक ६४२. जो केवळ देवाच्या हाती सारे सोपवतो त्याच्याविषयीचे ते गेऑर्ग नॉयमार्कचे सतराव्या शतकातले गीत. चाल मायनरमधली, थोडी उदास. पण तिच्याखाली मधल्या आवाजांत आणि खर्जात एक घट्ट, उल्हासाची लय पहिल्या मात्रेपासून शेवटपर्यंत चालते आणि चालीची उदासी तिला अडवत नाही. ‘तरी’ हा हबक्कूकचा भाव मला याहून नेमका कुठे ऐकू आलेला नाही. मी ती टोपल्या वेदीकडे नेल्या जातात तेव्हा वाजवतो, मध्यम आवाजात, पावले पडतील इतक्या लयीत. लिलाव सुरू झाला की ऑर्गनचे झाकण लावायचे. बोली ऐकू आली पाहिजे, आणि त्या वर्षी पाच रुपयांचा भोपळा कुणीतरी पाचशेला घेतो, तेव्हाचा गलका कुठल्याही समारोपाच्या वादनाहून चांगला असतो.

लग्नांविषयी वादकांची एक जुनी तक्रार आहे आणि ती मी इथे लांबवणार नाही. मेंडेल्सोनचा विवाहाचा मार्च मुळात १८४२ मध्ये नाटकासाठी लिहिलेला, २५ जानेवारी १८५८ रोजी व्हिक्टोरिया राणीच्या थोरल्या मुलीच्या लग्नात तो वाजला आणि मग घरोघरी गेला. वधूच्या प्रवेशाला वाजणारे वागनरचे गीत ‘लोहेनग्रिन’ या ऑपेरातले, आणि त्या ऑपेरातले लग्न त्याच रात्री मोडते. तरीही पंचवीस वर्षांच्या मुलीला तेच हवे असेल तर मी ते आनंदाने वाजवतो. तिच्या मनात ऑपेरा नसतो, तिच्या आईच्या लग्नाचा फोटो असतो, आणि तिच्यासाठी त्या सुरांचा अर्थ तोच आहे.

वेगळा प्रसंग होता तो एका विधुर गृहस्थांच्या आणि एका विधवा बाईंच्या लग्नाचा. दोघांची मुले मोठी, त्यांतली काही नाराज. बुधवारची संध्याकाळ, पहिले दोन बाक भरतील इतकी माणसे. मिरवणूक नको, असे दोघांनी आधीच सांगितले होते. आमच्या वाजवण्यातल्या बहुतेक लग्नाच्या रचना चालण्यासाठी लिहिलेल्या असतात, आणि इथे चालणेच नव्हते. तेव्हा मी प्रभुभोजनाची एक रचना निवडली. बाखची क्रमांक ६५४, ‘हे प्रिय जिवा, स्वतःला सजव’ या गीतावरची, साराबांद या तीन मात्रांच्या संथ जुन्या नृत्याच्या डौलात जाणारी. तिच्यात मुख्य चाल इतक्या नाजूक अलंकारांनी मढवलेली आहे, की मूळ सुरावट ओळखायला कान द्यावा लागतो. मेंडेल्सोनने १८४० मध्ये लाइपझिगच्या सेंट थॉमस चर्चमध्ये बाखच्या स्मारकासाठी वादन केले तेव्हा ती वाजवली होती, आणि क्लाराचा नवरा, संगीतकार रोबर्ट शुमानने तिच्याविषयी भारावून लिहून ठेवले आहे. सात-आठ मिनिटांची ही रचना लग्नात सहसा बसत नाही. इथे वर-वधू उपासनेआधीच येऊन पहिल्या बाकावर शेजारी बसली आणि ती त्यांनी सबंध ऐकली. मुलेही ऐकत बसली. कुणाला काय वाटले ते मी विचारले नाही, पण दुसऱ्यांदा सजण्यात काही गैर नाही, हे त्या लग्नाच्या सुरुवातीला कुणीतरी म्हणायला हवे होते आणि ते ऑर्गनने म्हटले, याचे मला समाधान आहे.

कधी काय वाजवायचे याच्या बरोबरीचा प्रश्न म्हणजे कधी वाजवायचेच नाही. रोमन कॅथलिक परंपरेत याचे नियम आहेत. उपवासकालात ऑर्गन केवळ गायनाला आधार देण्यापुरता, चौथा रविवार आणि मोठे सण सोडून. पवित्र गुरुवारच्या मिस्सात महिमागीत झाले, की शनिवारच्या रात्रीच्या जागरणात पुन्हा महिमागीत येईपर्यंत त्याचा स्वतंत्र आवाज नाही. वसईकडच्या मराठी मिस्सांमध्ये वाढलेल्या माझ्या मित्रांना हे लहानपणापासून अंगवळणी पडलेले असते. आम्हा प्रॉटेस्टंट मंडळींत असा नियम नाही आणि म्हणून जबाबदारी वादकावर येते. उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन वधस्तंभावरील सात उद्गारांची उपासना असते. सुरुवातीला मी बाखची ६२२ वाजवतो, ‘हे माणसा, तुझ्या पापाबद्दल शोक कर’. काळी दोनच्या मेजरमध्ये असूनही ती दुःखाने भरलेली आहे. शेवटच्या ओळीत बाखने लय अत्यंत विलंबित करायला सांगितले आहे आणि तिथे एक असा अनपेक्षित कोमल मेळ येतो, की पुढे काही वाजवण्याची इच्छाच उरत नाही. त्यानंतरच्या सात प्रवचनांत ऑर्गनने गीताचा सूर द्यायचा आणि गप्प बसायचे. सातव्या उद्गारानंतर, आशीर्वादानंतर, काहीही नाही. लोक उन्हात चपला शोधत बाहेर पडतात तेव्हाचा रितेपणा भरून काढण्याचा मोह वादकाला होतो. तो आवरला, तरच रविवारच्या पहाटे उघडलेला पूर्ण ऑर्गन लोकांना खरा वाटतो.

३१ डिसेंबरच्या रात्रीची उपासना त्या मानाने सोपी असायला हवी, पण नसते. बाहेर फटाके, आत वर्षभरात गेलेल्यांच्या नावांचे वाचन. ‘जुने वर्ष सरले’ या गीतावर बाखने आभाराची रचना करायची, तर ६१४ मध्ये अर्ध्या-अर्ध्या स्वरांनी सरकणारी विलक्षण व्याकूळ वीण केली आहे, आणि ती मूळ षड्जावर न येता पंचमावर थांबते. बाराच्या आधीच्या प्रार्थनेपूर्वी ती घेतली, की पुढचे वर्ष सुरू व्हायचे आहे हे कुणी सांगावे लागत नाही.

करोनाच्या दिवसांनी तर ‘वेगळा प्रसंग’ या शब्दांची सगळी मापे बदलली. १२ एप्रिल २०२० च्या पुनरुत्थानाच्या रविवारी मिलानच्या रिकाम्या कॅथीड्रलमध्ये आंद्रेआ बोचेल्ली गायला, साथीला ऑर्गनवर एमानुएले व्हियानेल्ली, आणि जगभर लाखो लोकांनी ते घरात बसून ऐकले. इतक्या मोठ्या वास्तूत निवड मात्र साधी होती, एक गायक, एक वाद्य, बहुतेकांच्या ओळखीच्या प्रार्थना. आमच्याकडे त्याच काळात मोजक्या नातेवाइकांसमोर अंत्यविधी होत आणि बाकीचे कुटुंब मोबाईलवर पाहत असे. तेव्हा मला एक गोष्ट तातडीने शिकावी लागली. फोनच्या छोट्या स्पीकरमधून सोळा फुटी खर्ज ऐकूच येत नाही. पेडलवर उभी असलेली रचना दुबईत किंवा नाशिकमध्ये बसलेल्या मुलाला अर्धीच पोहोचते आणि पाया काढून घेतल्यासारखी लटकत राहते. म्हणून खर्जाला आठ फुटी आवाज जोडायचा, मध्य सप्तकात राहणाऱ्या रचना घ्यायच्या, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गेलेल्या माणसाच्या आवडीच्या गीताचे पहिले कडवे एकटे, स्वच्छ वाजवायचे, कारण फोनवरून मंडळीचे गाणे उशिरा आणि तुटक पोहोचते. गाणारे घराघरांत वेगवेगळे गात असत. त्यांना एकत्र धरण्याचे काम त्या एका सुरावटीने केले.

दूरच्या मोठ्या समारंभांतूनही शिकायला मिळते, जर आपण भव्यतेकडे न बघता निवडीकडे पाहिले तर. १९ सप्टेंबर २०२२ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत एलिझाबेथ राणीच्या अंत्यविधीची उपासना संपली, बिगूल झाले, दोन मिनिटे स्तब्धता झाली, राष्ट्रगीत झाले, एकट्या पायपरने विलाप वाजवला, आणि मग ऑर्गन आला. जगातल्या कुठल्याही दणदणीत रचनेला तिथे जागा होती. निवडली गेली बाखची सी मायनरमधली फँटसी, क्रमांक ५६२. पाच आवाज एकमेकांत गुंफलेले, एकच छोटा अलंकारिक विषय सतत फिरत राहणारा, खर्ज बराच वेळ एका स्वरावर स्थिर. ती चालीच्या तालावर चालत नाही, तरी तिच्यासोबत चालता येते. तिच्यामागून येणारा फ्यूग, म्हणजे एकच विषय एकामागून एक आवाजात येत जाणारा भाग, बाखच्या हस्तलिखितात अपुराच आहे. त्यानंतर इंग्लिश संगीतकार एल्गरच्या सोनाटाचा पहिला भाग आला आणि तेव्हा इंग्लंडचा आवाज मोकळा झाला. हा क्रम मला फार विचारपूर्वक केलेला वाटतो, आधी दुःखाला वाव आणि मगच वैभवाला.

पॅरिसच्या नोत्र-दामचा प्रसंग तर कुठल्याच यादीत सापडणारा नव्हता. १५ एप्रिल २०१९ च्या आगीतून तिथला मोठा ऑर्गन वाचला, सुमारे ८,००० पाईपांचा, ११५ स्टॉपचा आणि पाच कीबोर्डचा. पण छपराच्या वितळलेल्या शिशाची धूळ त्याच्यावर बसली. तो उतरवला गेला, साफ केला गेला, पुन्हा जोडला गेला, आणि रात्रीच्या शांततेत एकेक पाईप सुरात लावला गेला. ७ डिसेंबर २०२४ च्या संध्याकाळी आर्चबिशप लोरां उलरिक यांनी त्याला आठ वेळा हाक मारली, पहिली ‘जागा हो’ अशी, आणि दर हाकेला ऑर्गनने उत्तर दिले. ऑलिव्हिए लात्री, व्हँसां द्युबोआ, तिएरी एस्केश आणि तिबो फाजोल या चार वादकांनी ती उत्तरे आळीपाळीने आयत्या वेळी रचली. ऐकणाऱ्यांपैकी काहींना ती कर्कश वाटली. मला ती निवड योग्य वाटते. ज्याच्याशी कुणीतरी बोलले आहे त्याने जुने भाषण वाचून दाखवू नये. त्या वाद्याकडे पाच वर्षांचे मौन होते आणि ते पहिल्याच स्वरात गोड होणे मला खोटे वाटले असते.

हे सगळे सध्या डोक्यात घोळत आहे, कारण आमच्या मंडळीने नवा इलेक्ट्रॉनिक ऑर्गन घेतला आहे, दोन कीबोर्ड आणि पूर्ण पेडल असलेला, आणि पुढच्या महिन्यात त्याचे समर्पण आहे. पायांनी भाता मारायचा जुना ऑर्गन त्याच दिवशी निवृत्त होऊन बाजूच्या सभागृहात जाईल. पाळकसाहेबांनी सुचवले की त्या उपासनेत दोन्ही वाजावेत, आणि मला ते मनापासून पटले. नव्याची ताकद दाखवायला मोठी टोकाटा वाजवावी असा समितीतल्या काहींचा आग्रह आहे. मी त्यांना सांगितले आहे की टोकाटा दाखवते ती वादकाची बोटे, आणि वाद्याचे समर्पण त्याने पुढे रोज जे काम करायचे आहे त्याने व्हावे, म्हणजे मंडळीला गायला लावण्याने.

तेव्हा सुरुवात जुन्या ऑर्गनवर, टिळकांच्या एका पदाने, काळी एकमध्ये, कारण आमच्या बायकांचा आवाज तिथे मोकळा लागतो. दुसऱ्या कडव्याला नव्याने पेडलवर षड्ज धरायचा आणि तीच चाल उचलायची. जुना माझी विद्यार्थिनी वाजवेल, नवा मी. समारोपाला ‘आता सारे देवाचे आभार माना’ ही चाल, जी आमच्या मंडळीला पाठ आहे. मार्टिन रिंकार्टने ते गीत तीस वर्षांच्या युद्धाच्या काळात लिहिले, त्याच्या गावात १६३७ च्या साथीत हजारोंचे दफन त्याने स्वतः केले, आणि अशा माणसाचे आभारगीत उपासना संपवायला पुरेसे आहे. तिच्यावरचा कार्ग-एलर्टचा मार्च नव्या ऑर्गनवर छान बसतो आणि त्यात समितीला हवा असलेला आवाजही आहे. अडचण एकच राहिली आहे. जुन्या ऑर्गनचे रीड आजच्या मापापेक्षा जरा चढे बोलतात आणि ते आता कुणी उतरवू शकणार नाही, म्हणून त्या दिवशी नव्याचाच सूर चढवून जुन्याला मिळवून घ्यायचा आहे. ते काम शनिवारी संध्याकाळी मी आणि माझी विद्यार्थिनी मिळून करू.